मुक्या बेडकाची थंडी

शाळू निसवायला लागला, पहाटेचं धुकं बांधावर बसायला लागलं, की लोकांना हुरडा आठवतो. शेंगदाण्याची चटणी, आगटीचा धूर, हातावर चोळलेल्या कणसाची ऊब. मला या दिवसांत पोटात गोळा येतो. वय झालं म्हणून नव्हे. वयाला भ्यालो असतो तर मी कधीच मेलो असतो. हा गोळा जुना आहे. तो सांगलीतल्या एका थंडीतला आहे आणि त्याला बेडकाचा ओलसर, मातकट वास आहे.

यंदा तो जरा जास्तच आला. परवा सकाळी सोप्यात उन्हाला पाठ देऊन बसलो होतो. नातसून न्हाणीतून बाहेर आली, हातात बोटाएवढी पांढरी पट्टी. ती तिनं आधी नवऱ्याला दाखवली, मग सासूला, आणि घरात एकदम हसू फुटलं. मला कुणी काही सांगितलं नाही. म्हाताऱ्याला असलं सांगत नाहीत. मग मीच विचारलं, "काय हाय गं त्येच्यात?"

"दोन रेघा आल्या, आबा." ती लाजली.

"कितीक येळ लागला?"

"पाच मिनिटं."

पाच मिनिटं! न्हाणीत, दार लावून, कुणाला न विचारता. माझ्या हातावर पेढा ठेवला गेला. तो मी धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला. इतक्या लवकर तोंड गोड करायची आमची रीत नाही.

आमच्या बोलीत बाईला दिवस गेले म्हणतात. आले म्हणत नाहीत. मूल येणार असतं आणि शब्द जाण्याचा! मी या शब्दावर फार विचार केला आहे, आणि माझं मत असं की तो शहाण्या माणसानं केलेला नाही, भ्यालेल्या माणसानं केला आहे. गेले म्हटलं की टपून बसलेल्यालाही वाटावं, इथं आता काही नाही, होतं ते गेलं. पाचवा महिना लागेतो गल्लीला कळू द्यायचं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचं, हिला पित्त झालंय. आमच्या आळीत निम्म्या माणसांचा जन्म पित्तातून झाला आहे.

मी मूळचा उंब्रजकडचा. शाळेनं मला फार दिवस ठेवून घेतलं नाही, मीही तिच्या दारात नाक घासलं नाही. अक्षर लावून वाचतो, आणि हे माझ्या हातानं लिहितो आहे. ऱ्हस्व-दीर्घ नातू बघेल. पण वाक्य मोडू देणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलं आहे.

देश आपला होऊन थोडाच काळ लोटला होता. सांगलीचं संस्थान नुकतंच मोडलं होतं. मी हौसाला, म्हणजे माझ्या बायकोला घेऊन सांगलीत आलो, हळदीच्या पेठेत पोती उचलायला. अंग पिवळं, कपडे पिवळे, घाम पिवळा. एक दिवस पेठेतल्या एका जैन अडत्यानं विचारलं, "काय रे दादू, बेडूक धरायला येतात का?" मला वाटलं थट्टा करतोय. म्हणालो, "बेडूकच काय, मालक, साप बी धरतो." त्याच्या धाकट्या बहिणीला माणूस हवा होता. ती डॉक्टर होती.

सगळे तिला बाई म्हणत, मीही बाईच म्हणायचो. चाळिशीच्या आतबाहेर, पांढरी सुती साडी, चष्मा, केसांचा घट्ट बुचडा. मुंबईला शिकलेली, विलायतेत राहून आलेली. लोकांची समजूत होती की ती गावात दवाखाना घालील, बाळंतपणं करील, चार पैसे मिळवील. तिनं घेतलं काय, तर आदल्या वर्षीच्या जाळपोळीत निम्मं जळालेलं एक घर. मालक जीव घेऊन पुण्याला गेले होते, ते परतले नव्हते. पुढच्या भिंती काळ्या ठिक्कर, वर आभाळ. मागच्या दोन खोल्या तेवढ्या धड होत्या. त्यांत बाईनं टेबल मांडलं, काचेची भांडी मांडली, एक पितळी दुर्बीण मांडली, खाली बघायची. आणि मागल्या हौदात माझे बेडूक.

त्या घरातून आत जाताना भर दुपारी माझ्या पाठीवर काटा यायचा. जळक्या तुळयांचा वास पावसाळा होऊन गेला तरी गेला नव्हता. आतल्या फिनेलच्या वासात तो मिसळायचा. आजही कुठं फिनेल टाकलं की मला आधी जळकं लाकूड आठवतं.

"बाई, तुमी नेमकं करता तरी काय?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. पगार घ्यायचा तर काम कळलं पाहिजे, असा माझा स्वभाव.

"हार्मोनवर काम करते."

"पेटी?" मी म्हणालो. आमच्या भजनात हारमोनी होती, ती मला ठाऊक होती. "मग बेडकं कशाला? ती सुरात वरडत्यात म्हनून?"

बाई पहिल्यांदा हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "पेटीच समज, दादू. बाईच्या पोटात गर्भ राहिला की अंगात एक रस तयार होतो. तो दिसत नाही. भात्यातून सूर निघावा तसा सगळ्या अंगात भरतो आणि लघवीतून बाहेर पडतो. आपल्याला तो ऐकू येत नाही. बेडकाला येतो."

ते असं होतं. बाईमाणसाची सकाळची लघवी सुईनं बेडकाच्या पाठीच्या कातडीखाली घालायची. बेडूक नर पाहिजे. पोटात मूल असेल तर काही वेळानं बेडकाच्या पाण्यात त्याचं बीज उतरतं, आणि ते दुर्बिणीखाली वळवळताना दिसतं. मूल नसेल तर बेडूक मुका. आम्ही तसंच म्हणायचो, बोलला किंवा मुका. आधी या कामाला उंदीर, ससे मारून पोट फाडून बघायचे म्हणे. बाईची आई म्हणाली होती, "एवढं शिकलीस ती जीव मारायला?" बेडूक मात्र मरत नाही. काम झालं की मी त्याला जिथनं आणला तिथंच नेऊन सोडायचं, हा बाईचा कडक नियम. एका बेडकाला मी जवळच्या डबक्यात सोडलं तर तिनं मला परत पाठवलं होतं. "त्याचं घर तिकडं आहे," म्हणाली.

पण पोट आहे की नाही एवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. तिचा शोध निराळाच होता. राहिलेलं मूल मधेच का जातं? जाण्याआधी तो रस आटतो का? आधी सूर बारीक होतो, मग पेटी बंद पडते, असं तिला वाटत होतं. म्हणून ती एकाच बाईची बाटली पुन्हापुन्हा मागवायची. कालपर्यंत बोलणारा बेडूक आज मुका राहिला की बाई खुर्चीत मागं टेकून डोळे मिटायची. त्या दिवशी मी तिच्याशी बोलायचो नाही.

पेठेत आमची टर उडायची. दाढीला बसलो की गणपा न्हावी वस्तरा थांबवून विचारायचा, "काय रं दादू, आज कितीक बेडक्या गाभण?"

"तुजी बायकू धाडून दे, मग सांगतो."

सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो. पण आतून हसू येत नव्हतं, कारण माझ्या घरात काय चाललं होतं ते गणपाला ठाऊक नव्हतं.

हौसाची दोनदा ओटी रिकामी झाली होती. दोन्ही वेळा उंब्रजला. पहिल्या वेळी लोक म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वेळी म्हणाले नाहीत काही, नुसतं बघू लागले. ते बघणं चुकवायला आम्ही सांगलीत आलो, हे खरं. दुसऱ्या खेपेला हौसा अशी पांढरी पडली होती की वैदूनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आता पुन्हा असं झालं तर बाई हाताला लागणार नाही. ते मी हौसाला सांगितलं नव्हतं. तीही तेच कुणाकडून तरी ऐकून माझ्यापासून लपवत होती, हे मला फार पुढं कळलं. एका खोलीत दोन माणसं, एकच भीती, आणि दोघंही एकमेकांना सांगणार, थंडी लय पडलीय औंदा.

मार्गेसर लागला आणि हौसा सकाळी चुलीपाशी बसायला नको म्हणू लागली. धूर सहन होईना. उंब्रजहून आय आली. माझी आई. तिनं आल्या आल्या हौसाच्या तोंडाकडं पाहिलं आणि कुणी न विचारता शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, "सूनबाईला पित्त झालंय."

दिवसभर मी जगातल्या बायकांच्या पोटाची बातमी बेडकांकडून काढत होतो, आणि माझ्या घरचं पित्त मी बाईला सांगितलं नाही. का सांगू? विचारल्याशिवाय उत्तर येत नाही. आणि उत्तर मुकं आलं तर? न विचारलेलं बरं, म्हणत मी धुक्यात नदीकाठाला जायचो. थंडीत बेडूक मिळणं मुश्कील. ती जात मातीत शिरून निजते. कृष्णेचा काठ पांढरा झालेला, पाण्यातनं वाफ निघते आहे, आणि मी काठीनं दगड उलथत चाललोय. प्रत्येक दगडाखाली हात घालताना वाटायचं, याच बेडकाच्या तोंडून आपलं मरण ऐकायचं आहे का?

मग एका सकाळी हौसाच्या लुगड्याला डाग दिसला. मोठा नव्हे, पैशाएवढा. तिनं निऱ्या ओढून तो झाकला. आयनं चुलीत लाकूड सारलं. मी तसाच उठून बाईकडं गेलो आणि दारातच म्हणालो, "बाई, माज्या घरात दिस गेल्यात."

बाईनं चष्मा काढला. "डाग?"

तिला कसं कळलं मी विचारलं नाही. नुसती मान हलवली.

"तिला अंथरुणावरनं उठू देऊ नको. उद्या सकाळची बाटली आण."

घरी महाभारत झालं. आय भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "बाईमानसाचं मूत गावभर न्यायचं? नख पडलं तर उचलून चुलीत टाकतो आपन, केस न्हाई कुनाच्या हाताला लागू देत. आन तू बाटली भरून दितोस? ती बी बेडकाच्या अंगात घालाया? अरं, येलाच करणी म्हंत्यात!"

"ती करणी न्हाई, इद्या हाय."

"करणीवाली बी इद्याच म्हंती."

वादात हरलो म्हणून मी मागं सरणारा माणूस नव्हे. "मी नेणार," म्हणालो. हौसा गोधडीतनं म्हणाली, "न्या. कळू द्या काय ते." आय गप्प झाली. ती गप्प झाली याचाच मला संशय यायला हवा होता.

सकाळी बाटली दाराशी तयार होती. आयनंच फडक्यात गुंडाळून ठेवलेली. मी ती घोंगडीखाली धरून निघालो. ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता ओलांडायचो. हातात चोरीचा माल असावा तसा.

बाईनं सुई भरली. बेडूक चांगला होता, मीच निवडलेला, हौदातला सगळ्यात तरणा. मी त्याला दोन्ही हातांत धरला, बाईनं पाठीची कातडी चिमटीत उचलून सुई घातली, आणि आम्ही त्याला झाकणाच्या बरणीत ठेवला. बाई दुसरं काम बघायला वळली. मी बरणीसमोर उकिडवा बसून राहिलो. जरा वेळानं बेडकानं मागचे पाय ताणले. मग ते थरथरायला लागले. मग तो उताणा झाला. पांढरं पोट वर, आणि गळ्याची धडधड, जी बेडकाची कधी थांबत नाही, ती थांबली.

"बाई," मी म्हणालो.

बाईनं त्याला बाहेर काढलं, पालथा केला, पाणी मारलं. काही नाही. इतक्या दिवसांत आमचा एकही बेडूक मेला नव्हता. तिनं टेबलावरचा जेवणाचा डबा उचलला आणि कोनाड्यात ठेवला. "आज मी जेवायची नाही," एवढंच म्हणाली. तिच्या धर्मात जीव गेल्याचं ओझं असं उतरवतात.

"आवं बाई, पर पोराचं काय?"

"दादू, बेडूक मेला म्हणजे बेडूक मेला. यातून पोराचं काही कळत नाही."

"कळतंय की! बोलला तर हाय, मुका ऱ्हायला तर न्हाई. आन मेला तर?"

बाईनं रिकामी सुई पुसून ठेवली. खोटं सांगायची सवय नव्हती तिला, आणि खरं तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला कळलं, शिकलेल्या माणसाची भीती आपल्यापेक्षा कमी नसते. फक्त ती नीट घडी घालून ठेवलेली असते.

बेडूक मी जळक्या भिंतीच्या कडेला पुरला. घरी निघालो. पेठेत हळदीच्या पेवांचा कोंदट वास, गुऱ्हाळाच्या काकवीचा गोड वास, बायका संक्रांतीची सुगडं घेताहेत, आणि मला वाटत होतं या सगळ्यांना ठाऊक आहे. आयला काय सांगू? ती म्हणेल, बघ, करणी फळली. हौसाला काय सांगू?

सांगावं लागलंच नाही. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि हौसानं तोंडाकडं बघून विचारलं, "मुका ऱ्हायला?"

"न्हाई."

"मग?"

"मेला."

हौसानं गोधडी हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाली, "मेला तर मेला. माज्या पोटात काय बेडूक हाय व्हय?"

मला हसावं की रडावं कळेना. एवढ्यात चुलीपाशी बसलेली आय, पाठ आमच्याकडं करून, हळूच म्हणाली, "व्हय रं दादू, बेडकाला मीठ चालतं का?"

"कसलं मीठ?"

"न्हाई, आपलं इचारलं."

"आय! कसलं मीठ?"

मग निघालं. पहाटे तिनं मीठ-मोहरी घेऊन हौसावरून उतरवली होती. दृष्ट काढलेलं मीठ चुलीत टाकायचं, ही जगाची रीत. पण तिला वाटलं, अंगातलंच पाणी परक्या घरात निघालंय, त्याला राखण नको? म्हणून तिनं ते मीठ मूठभर बाटलीतच सोडलं होतं आणि विरघळेतो हलवलं होतं.

"मोहऱ्या न्हाई टाकल्या," आय म्हणाली. "त्या तुज्या बाईला दिसल्या आसत्या."

मी तसाच पळत सुटलो. चप्पल घरातच. बाई उपाशी पोटी खुर्चीत बसली होती. मी दारातनंच ओरडलो, "बाई, मीठ! आयनं मीठ घातलं हुतं!" तिनं उरलेली बाटली उजेडाला धरली, एक थेंब काचेवर टाकून उन्हात सुकवला, आणि कडेनं पांढरे खडे धरलेले बघून कपाळाला हात लावला. मला वाटलं रागावणार. ती म्हणाली, "मुंबईत, विलायतेत, कुणी मला हे शिकवलं नाही, दादू. बाटलीत मीठ असू शकतं."

जीव भांड्यात पडला असं म्हणतात. माझा नाही पडला. बेडूक मिठानं मेला, एवढंच कळलं होतं. पोटात काय आहे ते अजून कळायचंच होतं. आणि त्या रात्री डाग वाढला.

हौदात उरलेले बेडूक थंडीनं दगड होऊन बसले होते. नवा हवा होता. मी सकाळी बिनमिठाची बाटली बाईकडं पोचवली आणि मळ्यांच्या वाटेला लागलो. एका विहिरीवर मोट चालू होती. मोटेचं पाणी ज्या दगडी थारोळ्यात पडतं, त्याच्या बुडाला बारमाही ओल असते. मोटकरी माझ्याकडं बघून म्हणाला, "काय गड्या, हुरड्याच्या दिसात बेडूक भाजतूस का काय?" मी खांद्यापर्यंत हात कपारीत घातला. काहीतरी मऊ, थंडगार लागलं. काढलं तर नर. मातीच्या रंगाचा, डोळे अर्धे मिटलेले, जणू मी त्याची झोपमोड केल्याचा त्याला राग आला होता.

बाईनं त्याला सुई दिली. वेळ झाल्यावर तिनं काचेच्या नळीनं त्याचं पाणी घेतलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. मी तिच्या मानेकडं बघत होतो. ती मान हलेना. मग ती म्हणाली, "काही दिसत नाही."

बाहेर त्या काळ्या भिंतीवर कावळा बसला होता. तो उडावा असं मला वाटत होतं आणि तो उडत नव्हता.

"मुका?"

"गार पडलाय तो. थंडीत यांचं अंग जागं होत नाही. किंवा..." बाईनं पुढचं गिळलं. "थांबून पाहू."

मी बरणीतनं बेडूक उचलला, सदऱ्याची गुंडी काढली आणि त्याला छातीशी धरला. वरनं घोंगडी ओढली. त्याचं अंग बर्फासारखं. माझ्या काळजाचे ठोके त्याच्या पोटाला लागत असतील. मी देवाला फार हात जोडणारा माणूस नव्हे, पण उन्हात त्या मोडक्या ओट्यावर बसून मी त्या जनावराला म्हणत होतो, बोल गड्या, बोल. बाईमाणूस हातची जाईल माझी. माझ्या आईनं तुझ्या भावाला मारलं, ते मनात धरू नको.

ऊन भिंतीवरनं खाली उतरलं तसं त्याचं अंग ऊबदार झालं. बाईनं पुन्हा नळी लावली, पुन्हा वाकली. या वेळी फार वेळ वाकून राहिली. मग उठून बाजूला झाली. "ये. तूच बघ."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या, काळ्या, झाडाएवढ्या. मग उजेडाचं एक गोल तळं. आणि त्या तळ्यात केसापेक्षा बारीक दोऱ्यांची नुसती लगबग. जत्रेत माणसं धावावीत तशी.

"बोलला?" मी डोळा न काढता विचारलं.

"बोलला. आज आहे, दादू. आजचंच सांगते. उद्याचं मला माहीत नाही."

असं ते. दुसरा कुणी म्हणाला असता, जा, पेढे वाट. बाईनं मला फक्त एक दिवस दिला. त्या दिवसाच्या आधारावर पुढचा. डाग थांबला. सूर कधी बारीक व्हायचा, कधी भरायचा. दर खेपेला बाटली, दर खेपेला बेडूक, दर खेपेला मी ओट्यावर. आय दृष्ट काढायची सोडणार नव्हती, आणि मी तिला सोड म्हणालो नाही. फक्त मीठ आता चुलीत पडत होतं. तडतडलं की ती समाधानानं म्हणायची, "बघ, कितीक लागलीती." कशानं पोर तगलं, बाईच्या शास्त्रानं की आयच्या मिठानं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. हौसा म्हणायची, तिच्या स्वतःच्या हट्टानं.

श्रावणात दिवेलागणीला ती मोकळी झाली. बाई स्वतः आत होती. बाहेर पावसानं सगळी डबकी भरलेली, आणि बेडकांनी असा कल्ला मांडलेला की कानाला दडे बसावेत. मी दाराबाहेर उभा. आतनं आवाज नाही. पोर रडलं नाही! मी दार ठोकलं. "बाई! पोरगं रडत न्हाई!"

आतनं बाई ओरडली, "रडतंय रे! तुझे बेडूक ऐकू देत नाहीत!"

बाई पुढं मुंबईला गेली. मोठ्या संस्थेत जाऊन आयुष्यभर तिनं हेच केलं. सूर कुठं निघतो, कुठं अडतो, मूल का राहत नाही, आणि नको असताना का राहतं. बेडूक सुटले, यंत्रं आली. म्हातारपणी एकदा सांगलीला आली तेव्हा मला भेटली. म्हणाली, "अजूनही बाटली घेताना मी पहिला प्रश्न तोच विचारते. दृष्ट काढली का, मीठ घातलं का? माझे विद्यार्थी हसायचे. मग एकदा खरंच एकीनं घातलेलं निघालं. तेव्हापासून तेही विचारतात."

मी विचारलं, "बाई, दुर्बिणीला डोळा लावताना तुमाला भ्या वाटायचं का वो?"

"दर वेळी," ती म्हणाली. "ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी हे काम सोडायचं, असं ठरवलं होतं. सोडायची वेळ आली नाही."

हौसा आता नाही. आय नाही. त्या श्रावणातलं पोरगं आता पांढऱ्या मिशांचं झालंय आणि परवा सकाळी ती पट्टी हातात घेऊन वेड्यासारखं हसत होतं. नातसून त्याचीच सून.

त्याच दिवशी दुपारी घर निजल्यावर मी उठलो. स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडले. मिठाचा सापडला, मोहरीचा शोधावा लागला. हे बायकांचं काम, पुरुषानं करायचं नसतं. पण घरात आता ते करणारं कुणी उरलं नाही, आणि मी कुणाला विचारणार नव्हतो. नातसून खिडकीपाशी बसली होती, ती पट्टी पुन्हा उजेडाला धरून बघत. मी तिच्यावरून मूठ उतरवली. पट्टीपासून हात लांब ठेवून.

"आबा, हे काय?"

"गप बस. कुनी इचारलं तर काय सांगशील?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी परसात गेलो, पाणी तापवायच्या बंबाच्या निखाऱ्यांत मूठ सोडली. तडतडलं. चांगलं तडतडलं. मागं वळलो तर ती दारात उभी होती, आणि तिच्या तोंडावरचं हसू जरा आत गेलं होतं. तिलाही आता भीती वाटत होती. वाटू दे. भीती म्हणजे राखणच असते.

"सांगायचं," मी म्हणालो, "की पित्त झालंय."

"बरं, आबा," ती म्हणाली, आणि तिनं पट्टी ओढणीआड केली.